शनिवारचं तेल

पळस्पे नाक्यावर गोव्याचा रस्ता फुटतो तिथून जरा आत गेलं की दयारामचं गॅरेज लागतं. गडी मूळचा उरणकडचा कोळी. बापाची होडी होती आणि तिच्या इंजिनाचं सगळं हाच बघायचा. एकदा जाळं ओढायच्या विंचमध्ये डावा पाय सापडला. पाय राहिला, पण त्यातला जोर गेला. समुद्र सुटला तो सुटलाच, आणि दयाराम इथं येऊन ट्रकांखाली झोपला. आता गंमत बघा, अख्ख्या तालुक्याच्या गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः एकही गाडी चालवू शकत नाही. क्लच दाबायला डावा पाय लागतो, आणि याचा डावा पाय नुसता सोबतीला. म्हणून दुरुस्त केलेल्या गाडीची फेरी मारायची ती त्याच्या बायकोनं, शशिकलेनं. ती मच्छीचा टेम्पो चालवते. हा बाजूला बसतो आणि कान देऊन ऐकतो. नाक्यावरचे टवाळ "नाखवा, तुझी डायवरीण आली बघ" म्हणून चिडवतात. तो हसतो. पण त्याला ते लागतं, फार लागतं.

त्या शुक्रवारी दुपारी बेंजामिनकाकांची पिकअप टोचन लावून गॅरेजात आली आणि दयाराम हातातला पाना टाकून लंगडत पुढे धावला.

बेंजामिनकाका म्हणजे पनवेलचे जुने बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. बंदरावर इंजिनियर होते. शिरढोणच्या बाजूला त्यांचा जमिनीचा तुकडा आहे, तिथं आंब्याची कलमं करतात. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यावर त्यांनी ही भलीमोठी ऑटोमॅटिक पिकअप घेतली होती. एका परदेशी कंपनीनं बंदराचं काम संपल्यावर मागे ठेवलेली. तिला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. दयारामचा पाय गेला तेव्हा तो घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. नातेवाईक यायचे, चुकचुकायचे, चहा पिऊन जायचे. काका एकदाच आले आणि म्हणाले, "ऊठ. माझ्या पंपाचा आवाज बिघडलाय. पाय नसला तरी कान आहेत ना तुला?" त्या दिवसापासून दयाराम उठला तो उठलाच.

काकांची मुलं एयाल आणि निरीत, दोघंही इस्रायलला. "पप्पा, इकडे या" हा त्यांचा कायमचा घोशा. दोन वर्षांपूर्वी याच गॅरेजच्या बाकड्यावर बसून, पिकअपच्या बॉनेटवर थाप मारून काकांनी सांगितलं होतं, "दया, ही चालते तोवर मी पनवेल सोडत नाही." काका बोलून गेले. दयारामनं मात्र ते पक्कं गाठीला बांधलं.

आणि आता तीच चालेना. कर्नाळ्याच्या खिंडीत इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. त्यात भर म्हणजे एयाल इस्रायलहून आलेला होता. बापाच्या शेजारी उभा राहून गाडीकडे असं बघत होता की दयारामला वाटलं, हा बाबा आता काकांना घेऊनच जाणार.

काकांनी गाडीतून खोकं उतरवलं. नवा फिल्टर, नवा पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं ती पत्र्याची परात, आणि तेलाचे डबे. "खालच्या पॅनला दगड लागलाय, तेल गळालंय. फिल्टरही चोंदला असणार. दोन्ही बदल, नवं तेल भर. रविवारी सकाळी मला गाडी हवी."

"ह्या गाडीचा गिअरबॉक्स मी कदी उगडला नाय, काका."

"मग आता उघड. आणि हे बघ, उद्या शनिवार. फोन बंद असेल माझा."

हे सांगायची गरजच नव्हती. शब्बाथ म्हणजे शब्बाथ. काकांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. घाणे गेले, शनिवार राहिला. शुक्रवारी सूर्य मावळला की काका दिवा लावत नाहीत, गाडीला हात लावत नाहीत, कामाचं बोलत नाहीत.

शनिवारी सकाळी दयाराम गाडीखाली शिरला. तेल सोडायला खाली नट असतो, तो शोधला. नव्हताच. "असा कसा चेंबर? तेल काढायचं तरी कुटून?" तो स्वतःशीच पुटपुटला आणि कडेचे बोल्ट सैल करायला लागला. एक कोपरा लपकन खाली आला आणि सगळं तेल भस्सकन त्याच्या गळ्यात, छातीवर, कानात. होडीवरच्या गिअरबॉक्सचं तेल मधासारखं असतं. हे काळपट लाल, अगदी कोकमाच्या जुन्या आगळासारखं, आणि वर करपल्याचा वास. नाकतोंड पुसत त्यानं पॅन बाहेर ओढला.

तळाशी एक लोहचुंबक होतं, त्याच्यावर राखाडी चिखल साचलेला. ते ठीक. झिजलेल्या लोखंडाची पूड धरून ठेवायला असतं ते, एवढं त्याला कळत होतं. पण चुंबकाच्या शेजारी, तेलात लोळत, पिवळ्या प्लास्टिकचं एक बूच पडलं होतं. अंगठ्याएवढं.

दयारामनं ते उचललं, पुसलं, उजेडात धरलं. कुठं तुटलेलं नाही, झिजलेलं नाही. कोरं. मग हे आलं कुठून? बूच आहे म्हणजे कुठंतरी भोक आहे. भोक उघडं पडलं म्हणजे तेल भलतीकडे जाणार, आणि तेल भलतीकडे गेलं म्हणजे गाडी ओढणार कशी? सापडला चोर! गडी खूश होऊन बॅटरी घेऊन परत खाली शिरला आणि भोक शोधायला लागला.

भोक काही सापडेना. वर नुसता भुलभुलैया. नळ्या, खाचा, बारीक बारीक वाटा. जिथं बूच लावून बघावं तिथं एकतर मोठं व्हायचं नाहीतर लहान. पंक्चरवाला महादेव येऊन वाकून गेला. "वरून कुठूनतरी पडलं असंल," म्हणाला. वरून नाहीतर काय खालून पडणार? शहाणाच आहे!

शनिवारी मच्छीला गिऱ्हाईक कमी, म्हणून शशिकला लवकर मोकळी होऊन आली. नवऱ्याचा लाल अवतार बघून आधी ती रक्त समजून किंचाळली, मग तेल आहे म्हटल्यावर तिनं दोन शिव्या घातल्या, आणि मग मोबाइल काढून व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस असाच पॅन उघडत होता. त्याच्या पॅनमध्येही पिवळं बूच निघालं! दोघंही मोबाइलला चिकटले. गोऱ्यानं बूच कॅमेऱ्यापुढे धरलं, भरभर काहीतरी बोलला, मोठ्यानं हसला आणि ते कचऱ्यात भिरकावलं.

"बगा, टाकून दिलान," शशिकला म्हणाली.

"अगं पण हसला का?"

"मना काय म्हाईत का हसला!"

"गाडी कायमची खलास झाली म्हणून हसला, का काय नाय झालं म्हणून हसला? त्याचं काय जातंय हसायला? त्याचा काका चाललाय का सोडून?"

शशिकलेनं मोबाइल बंद केला. आपला नवरा गाडीच्या खाली नसून कशाच्या खाली दबलाय, ते तिला कळलं.

बूच खिशात टाकून त्यानं जुना फिल्टर ओढून काढला आणि नवा वर दाबला. बसेना. फिरवला, थोपटला, कोपरानं रेटला. बसेना म्हणजे बसेना. फिल्टरच चुकीचा आणला की काय? की बूच इथलंच होतं? बऱ्याच वेळानं बोट घालून चाचपलं तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच चिकटून राहिलेली. नव्याला त्याची स्वतःची रिंग होतीच. एका पाटावर दोन नवरदेव कसे बसणार? जुनी रिंग उकरून काढली तसा नवा फिल्टर टचकन बसला. दयारामला बरं वाटलं, पण खिशातलं बूच मांडीला टोचतच होतं.

"चल," तो शशिकलेला म्हणाला. "काकांकडं चल."

"आज? शनवारी?"

"विचारायचं नाय कायबी. नुसतं बूच दाखवायचं. बोलायचं नाय म्हणतात, बगायचं नाय असं कुटं हाय?"

टेम्पोतून दोघं गावात गेले. काका नुकतेच सिनेगॉगमधून येऊन ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी. एयालनं थर्मासमधून चहा ओतला. शुक्रवारीच करून ठेवलेला, कारण आज घरात चूल पेटत नाही. दयारामनं चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि काही न बोलता तळहातावर बूच धरून हात पुढे केला.

काकांनी बूच बघितलं आणि त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. लगेच त्यांनी मान फिरवली. "दया, आज नको."

"मी कुटं काय बोललो?"

"आज त्या गाडीचं नावही काढायचं नाही. मी मोठ्या कष्टानं गप्प बसलोय रे."

"पप्पा, सांगून टाका ना त्याला," एयाल मध्येच म्हणाला. "किती वेळ असं..."

"एयाल." काका एवढंच म्हणाले. मग दयारामकडे वळून, "उद्या सगळं सांगतो. चहा घे अजून."

झालं! आधी एकच कोडं होतं, आता दोन झाली. हे पण हसले, तो गोरा पण हसला. आणि एयाल काय सांगून टाका म्हणत होता? परत येताना दयारामचं डोकं पार भंजाळून गेलं.

"आत कोपऱ्यात पोह्यांची पिशवी होती," शशिकला टेम्पो चालवता चालवता म्हणाली. "नारळ, खजूर, केळीचा फणा. मलिद्याचं सामान हाय. जेरुशाकाकू करायच्या तसं."

जेरुशाकाकू म्हणजे बेंजामिनकाकांची बायको. गेल्या वर्षी गेली. शशिकलेचं पक्कं गिऱ्हाईक. खवल्यांचीच मच्छी घ्यायची, कोळंबीकडे बघायचीसुद्धा नाही, आणि भाव करता करता जगभराच्या गप्पा मारायची. मलिदा म्हणजे त्यांच्याकडचं एलियाहू नबीच्या नावानं करायचं कार्य. गोड पोहे, खोबरं, फळं. नवस फेडायचा असला की करतात, काही शुभ असलं की करतात.

"नवस!" दयारामनं सीटवर हात आपटला. "काकांनी नवस बोललाय शशे! गाडी बरी झाली की मलिदा. म्हणूनच रविवार. आता कसंबी करून ती चालवलीच पायजे."

शशिकलेनं नुसता गिअर बदलला. तिला वेगळीच शंका आली होती, पण नवऱ्याच्या तोंडावर एवढा आनंद सकाळपासून पहिल्यांदाच दिसत होता.

परत येऊन त्यानं चुंबक पुसून नव्या पॅनमध्ये ठेवलं, पॅन चढवला, बोल्ट हळूहळू, आमनेसामने असे आवळले. नव्या पॅनला तेल सोडायचा नट होता, ते बघून त्यानं बनवणाऱ्याला दुवा दिला. मग डबे फोडले. हे तेल लालभडक, ताजं. वरच्या नळीतून ओतलं, तेल मोजायची काडी बुडवली, पुसली, परत बुडवली. वरच्या खुणेला बरोब्बर.

शशिकला चढली, इंजिन चालू केलं, गिअरचा दांडा डीवर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, घातला. गाडीनं एक हिसका दिला, पुढे वीतभर सरकली आणि थांबली. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म.

दयारामनं हात वर करून शशिकलेला थांबवलं. गाडी बंद करून काडी काढली. तेल खुणेच्याही वर, नळीत रेंगाळलेलंही आता खाली उतरलेलं. "जास्त झालं," तो म्हणाला. खालचा नट सैल करून थोडं सोडलं. परत चालू. आता तर हिसकाही देईना. परत बंद, परत काडी, परत तेल खुणेवर. आणखी सोडलं. सोडलेलं सगळं तेल सकाळच्या करपलेल्या तेलाच्या घमेल्यात पडत होतं, म्हणजे ते गेलंच. पण ते लक्षात घ्यायला डोकं जागेवर हवं ना! खिशातलं बूच त्याला पुन्हा आठवलं. भोक उघडंच आहे. आपण आंधळ्यासारखं झाकण लावलं. काकांचं पनवेल आपल्या हातानं घालवलं.

तो गाडीच्या पुढं जमिनीवरच बसला. पायावरची जखम ओली असताना कधी रडला नव्हता, आज डोळे भरून आले.

शशिकला गाडीतच होती. गाडी परत एकदा चालू करून बघावी म्हणून तिनं किल्ली फिरवली आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. उद्याच्या पापलेटवरून कुणीतरी हॉटेलवाला भांडायला लागला. हिचा आवाज चढला. इंजिन चालू आहे हे ती विसरलीच. दयाराम उठला, सवयीनं बॉनेटखाली वाकला, आणि सवयीनंच काडी ओढली.

काडी कोरडी. टोकाला नुसता लाल थेंब लागलेला.

तो काडीकडे बघतच राहिला. आत्ता खुणेवर होतं, कुठं गेलं? मग कानाला इंजिनाचा आवाज लागला आणि त्याचं त्यालाच दचकायला झालं. चालू इंजिनात हात! होडीवर हे पाप. बापाचं धोतर एकदा चालू इंजिनाच्या पट्ट्यात ओढलं गेलं होतं, तेव्हापासून घरचा नेम होता. इंजिन बंद केल्याशिवाय तेलाच्या काडीला हात लावायचा नाही. हा नेम दयारामनं आयुष्यात मोडला नव्हता. देव खोटा म्हणाला असता, पण हा नेम नाही.

"शशे, बंद कर! नाय नाय, थांब. बंद नको करू!"

"एक काय ते बोला!"

"चालू ठेव. आता बंद कर. बग, आता तेल आलं. चालू कर. बग, गेलं!" तो नाचायचाच बाकी होता. "अगं, भरतीला मोजतोय आपण! इंजिन चालू झालं की पंप तेल वर ओढतो, खाली ओहोटी लागते. ह्या गाडीत तेल ओहोटीला मोजायचं. चालू असताना. जास्त नाय झालं, कमी पडलंय, लय कमी पडलंय!"

आणि मग त्यानं डब्यांकडे बघितलं. सगळे रिकामे. घमेल्यात नवंजुनं एकत्र, काळंलाल.

"नाक्यावरच्या दुकानात असंल हे तेल. आणतो."

शशिकलेनं किल्ली काढून हातात घेतली. "आज शनवार हाय."

"मग?"

"शनवारी तेल इकत घ्यायचं नाय. तेल नाय, लोखंड नाय. शनी घरात येतो. सासूबाय असत्या तर पाय मोडला असता तुमचा दुसरा."

"अगं, हे काय डोक्याला लावायचं तेल हाय का?"

"तेल ते तेल. काकांच्या जिवावर साडेसाती लावायची हाय का तुमाला?"

झाली ना पंचाईत! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तेल आजच हवं, कारण गाडी सकाळी हवी. तेल आज घ्यायचं नाही, कारण ज्याच्यासाठी घ्यायचं त्यालाच शनी लागणार. दयाराम बाकड्यावर बसला. शशिकलाही बसली. गोव्याच्या रस्त्यानं ट्रकमागून ट्रक चालले होते, सगळे धडधाकट.

ऊन उतरलं. अचानक शशिकला म्हणाली, "गाडी कुणाची?"

"काकांची."

"मग तेल कुणाचं? काकांचंच. मग शनवार पण काकांचाच धरायचा. आपला शनवार उद्या उजाडेपर्यंत चालतो, त्यांचा सूर्य मावळल्यावर सुटतो. जेरुशाकाकू सांगायच्या, आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपला."

दयारामनं बायकोकडे असं बघितलं की तिनं पदर सारखा केला.

मग काय, दोघं नवराबायको नाक्यावर मान वर करून उभे. पुलावरचे दिवे, ट्रकांची धूळ, त्यात चांदणी दिसतेय कशाला! एक दिसली ते विमान निघालं. दुसरी ठळक दिसली. "शुक्र तो," दयाराम म्हणाला, "शुक्र चालंल का?" "शुक्राचा शनवारशी काय संबंध? सोडा त्याला." महादेव पंक्चरवाला बाहेर येऊन हेही बघून गेला, आणि जाताजाता त्यानंही एकदा वर बघितलं. शेवटी कर्नाळ्याच्या अंगाला, दिव्यांपासून लांब, एक, बाजूला दुसरी, आणि खूप वेळ डोळे ताणल्यावर तिसरी. शशिकलेनं हात जोडले आणि नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. "पळा. दुकान बंद होईल."

तेल आलं. इंजिन चालू ठेवून, जीव मुठीत धरून, बापाची मनातल्या मनात माफी मागून दयारामनं काडी बघत बघत तेल ओतलं. खुणेला आलं. शशिकलेनं दांडा डीवर घातला, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि ती एवढी मोठी पिकअप मांजरीसारखी पुढे सरकली.

त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली. काका आणि एयाल. शब्बाथ सुटला तसे निघाले असणार. काकांनी अंगणात फिरणारी गाडी बघितली, काठी टेकत पुढं आले आणि दयारामच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तेलानं लाल, काकांचा हातही लाल झाला. "झाली?"

"झाली काका! चालते!" त्यानं खिशातून बूच काढलं. "पण ह्याचं भोक सापडलं नाय."

काका आता खुशाल हसले. "भोक नाहीच त्याला. कारखान्यात गिअरबॉक्स बनतो तेव्हा काडीच्या नळीत धूळ जाऊ नये म्हणून घालतात. गाडीत बसवताना ते आत ढकलून देतात. पहिल्या दिवसापासून तिथंच पडलेलं असतं बिचारं. मी पुस्तकात वाचलं होतं. सकाळीच सांगितलं असतं रे, पण..."

"शनवार," दयाराम आणि शशिकला एकदमच म्हणाले.

"चल, फेरी मारू," काका म्हणाले. शशिकला उतरायला लागली तसे ते बाजूच्या सीटकडे गेले. "दया, तू चालव."

"मी?"

"क्लच आहे का हिला?"

दयाराम उभाच राहिला. एवढा दिवस गाडीखाली, गाडीवर, गाडीच्या पोटात गेला, आणि हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ड्रायव्हरची जागा त्यानं मनातून कधीच पुसून टाकली होती. शशिकलेनं त्याला अक्षरशः ढकलून बसवलं. "डाव्या पायाचं काय करू?" त्यानं विचारलं. "काही नको, बाजूला ठेव," काका म्हणाले.

आणि गाडी निघाली. पाय जायच्या आधी टेम्पो हाकायचा, ते सगळं हाताला आठवलं. गोव्याच्या रस्त्याला लागली, शिरढोण मागं पडलं, कर्नाळ्याची खिंड आली. शुक्रवारी जिथं गाडीनं दम टाकला होता तिथं ती गुरगुरत चढून गेली. दयाराम हसत होता, की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "काका, आता धा वर्सं बगायला नको! आता तुमी कुटं जात नाय!"

"दया, जरा बाजूला घे."

त्यानं गाडी बाजूला घेतली, ब्रेक दाबून धरला.

"मी मंगळवारी चाललोय. एयालबरोबर."

समोरून ट्रक येत होते, जात होते.

"उद्याचा मलिदा त्यासाठीच आहे. प्रवासाला निघण्याआधी करतात आमच्यात. गाडी मी तुझ्यासाठी दुरुस्त करून घेतली. विकायची नाही मला. तुला डावा पाय लागत नाही अशी पनवेलमध्ये ही एकच गाडी मला माहीत आहे."

"नको मना तुमची गाडी!" दयाराम ओरडला. "तुमी बोल्लेलात. ही चालते तोवर जानार नाय. माज्या बाकड्यावर बसून बोल्लेलात!"

"बोललो होतो खरं," काका म्हणाले. "तेव्हा जेरुशा होती."

दयारामनं स्टिअरिंगवरचा आपल्या हाताचा लाल डाग अंगठ्यानं पुसला. मग तो म्हणाला, "शुक्रवारीच सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू गाडी कधी जोडली असतीस?"

खरं होतं. जोडली नसती. फिल्टर फेकला असता, पॅन लपवला असता, पिवळं बूच दाखवून सहा महिने गिअरबॉक्स उघडा ठेवला असता. आणि दिवसभर मातीत लोळून, बापाचा नेम मोडून, चांदण्या मोजून त्यानं काय केलं होतं? काकांच्या जाण्यातली शेवटची अडचण आपल्या हातानं दूर केली होती.

"मंगळवारी विमानतळावर तूच सोड मला," काका म्हणाले. "तू चालवत असलास तर मला बरं वाटेल."

दयारामनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दांडा डीवरच होता. ब्रेकवरचा पाय उचलला की या गाडीला दुसरं काही लागत नाही, ती आपली आपण पुढे निघते, हे त्याला आता कळलं होतं.

"चल रे, शशिकला वाट बघत असेल."

"बसा ओ जरा," दयाराम म्हणाला, आणि पाय तसाच दाबून धरला.